उघडं झाकण, बंद वायफाय

माझे हात की-बोर्डवर असले की वायफाय नीट चालायचं. बाईंनी हात ठेवले की गेलंच. पुन्हा पुन्हा तसंच व्हायला लागलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मी नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. मुखेडला गेलो होतो एका नेटबुकसाठी, म्हणजे छोट्या लॅपटॉपसाठी. ते बाईंच्या मिस्टरांचं. दोघंही शाळेतून रिटायर झालेले. सर त्यावर लिनक्स वापरायचे, म्हणजे विंडोजऐवजी फुकट मिळणारी सिस्टिम, आणि दर रविवारी खेड्यातल्या पोरांना ऑनलाइन गणित शिकवायचे. उन्हाळ्यात सर वारले. बाईंनी क्लास चालू ठेवला, पण दर वेळी मधेच लाइन तुटायची. पोरं गळायला लागली होती.

"ह्या रविवारी पण असंच झालं तर बंद करून टाकते," बाई म्हणाल्या. "त्यांनाच नको असंल. जितेपणी मी लई बोलले हो ह्या डबड्यावरून. चुलीत घाला म्हणले होते."

"बाई, मशीनला माणसं कळत न्हाईत," मी म्हणालो.

ड्रायव्हर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, नवा टाकला. राउटर जवळ आणून ठेवला. काही फरक नाही. मग लॉग उघडला. मशीन आत काय करून राहिलंय ते त्यात ओळीओळीनं दिसतं.

"आता ठेवा हात."

त्यांनी ठेवले. स्क्रीनवर ओळ आली: झाकण मिटलं, वायफाय बंद.

झाकण आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर सताड उघडं होतं. भर दुपारी घरात कसलाच आवाज नव्हता. बाईंनी हात उचलले. ओळ आली: झाकण उघडलं.

"कोण मिटायलंय?" बाईंनी हळूच विचारलं.

मग त्यांच्या डाव्या मनगटाकडं लक्ष गेलं. बीपीसाठी घालतात ते चुंबकाचं कडं होतं.

"हे सरांचं?"

"हाव. ते उजव्या हातात घालायचे. त्यांच्यामागं मी घातलं."

नेटबुकच्या डाव्या कडेखाली एक सेन्सर होता. झाकणातलं चुंबक जवळ आलं की झाकण मिटलं, एवढंच त्याला कळतं. बाईंच्या कड्यातलं चुंबक नेमकं त्याच्यावर यायचं. आणि झाकण मिटलं की वायफाय बंद, ही सोय सरांनीच करून ठेवलेली. लाइट गेली तर बॅटरी पुरावी म्हणून.

मी कडं उजव्या हातात घालायला लावलं. वायफाय गेलं नाही. मी खूश. बाईंचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे ते नव्हते तर," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. काम झाल्यावर गिऱ्हाईक रडवेलं झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

सरांची ती सोय काढून टाकू का, विचारलं.

"राहू द्या."

रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. क्लास पूर्ण झाला होता, एकदाही लाइन तुटली नव्हती. मग म्हणाल्या, "भाऊ, संपल्यावर मी कडं डाव्या हातात घातलं. हात तिथं ठेवला. त्यांनीच बंद केलं."

तेव्हापासून बिघाड सापडला तरी काढायच्या आधी मी गिऱ्हाईकाला विचारतो.