चारुमावशींचा दुसरा एपिसोड

सासूने तोंड उघडायच्या आधीच तिचं वाक्य ऐकू आलं. कुजबुजतं, पण चक्क पुरुषी आवाजात. "बहू, चाबी कहाँ रखी है?" मग सासू म्हणाली, "बहू, चाबी कहाँ रखी है?" सून दचकली, आणि कुठूनतरी तोच पुरुष बोलला, "माँजी, आपके पल्लू में." मग सून म्हणाली, "माँजी, आपके पल्लू में."

उज्जैनला, नानाखेड्यात चारुमावशींच्या हॉलमध्ये आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. केबलवर आमच्या मालिकेचा पहिला एपिसोड लागला होता. भिंतीपलीकडे शेजारी खदाखदा हसत होते. एपिसोड रडका होता.

सून म्हणजे मी. सासू विजयाताई. आणि तो आवाज श्रीधरकाकांचा.

श्रीधरकाका आमच्या हौशी नाटक मंडळाचे प्रॉम्प्टर. पोस्टातून सुटले की तालमीला हजर. गणेशोत्सवातल्या प्रत्येक नाटकाला विंगेत स्टुलावर बसून ते वाक्यं पुरवायचे. शूटिंगलाही ते सोफ्यामागे बसले आणि सवयीने पुरवत राहिले. कॅमेऱ्याच्या माइकला विंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. एडिटिंग करताना तरी कळायला हवं होतं, पण आमचा कॅमेरावाला प्रसाद लग्नाच्या कॅसेटी काढणारा. त्याने सवयीप्रमाणे आवाज बंद ठेवूनच सगळं जोडलं.

"लग्नात आवाज कोण ऐकतं, मावशी? वरून गाणीच टाकतो आपण."

श्रीधरकाका उठले, चपला घातल्या आणि कोणाकडेही न बघता निघून गेले.

चारुमावशी मात्र टीव्हीच्या आणखी जवळ सरकल्या. "ऐका, ऐका. विजया वाक्य आठवून बोलत नाहीये. त्यांचं संपायची वाट बघतेय. असं का बरं?"

"मावशी, आपली इज्जत चाललीय!" प्रसाद ओरडला.

"ती गेली. आता हे तर बघू."

चारुलता पोतनीस सगळ्यांच्याच मावशी. मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. एकेका शेगडीपाशी चार-पाच मुली, त्यातली एक हुकूम सोडणारी, एक रडणारी, एक नुसतं चाखणारी. मावशी कोणाला रागवायच्या नाहीत. हुकूम सोडणारीच्या हातात कणीक द्यायच्या, कारण कणकेत हात असला की दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. चाखणारीला विचारायच्या, "काय कमी आहे?" आणि तिने सांगितलं की तेवढंच घालायच्या. मोठमोठ्या माणसांनाही त्या याच पद्धतीने हाकायच्या. मंडळातला कोणी रुसला की बाकीचे समजूत घालायला जायचे. मावशी चौकशीला जायच्या.

गल्लीगल्लीतल्या गच्च्यांवर डिशच्या छत्र्या लागल्या आणि केबलवाल्याला रविवारच्या पिक्चरनंतर काहीतरी गावातलं दाखवायची हुक्की आली, तेव्हा मावशी कॅसेट घेऊन आपणहून त्याच्या दारात गेल्या. मालिका मावशींनीच लिहिलेली, हिंदीत; तिच्यावरची भांडणं मराठीत. खर्च शांतिलालजींचा. देवास गेटजवळ त्यांचं सेव-नमकीनचं दुकान. एपिसोडच्या अधूनमधून त्यांच्या लौंग सेवची जाहिरात.

सोमवारी त्यांनी मावशींना बोलावलं. मीही गेले.

"बहनजी, दुकान में सब मुझे फुसफुसाके बुला रहे हैं. 'शांतिलालजी, आधा किलो सेव.' कान में!" त्यांनी तराजू खाली ठेवला. "उस आदमी को हटाओ. दूसरा भी ऐसा आया, तो तीसरा नहीं आएगा."

"और उसे हटाया, फिर भी खराब आया तो?"

"तो भी नहीं आएगा," शांतिलालजी म्हणाले. "पर पहले हटाओ."

हटवायची वेळच आली नाही. बुधवारी श्रीधरकाका आपणच आले नाहीत. प्रसादने हॅलोजन लावला, कॅमेरा खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "चलो, आज साफ होईल."

विजयाताई उभ्या राहिल्या. "बहू..." म्हणाल्या. पुन्हा "बहू..." मग भिंतीकडे बघत राहिल्या. पुढचं मीही विसरले. तीनदा, चारदा, तेच.

"पाठ नाहीये तुमचं!" प्रसाद वैतागला.

"ए, मी काय भुलली नाही हं! तू जन्मला नव्हता तेव्हापासून काम करतेय मी."

मावशींनी शूटिंग थांबवलं. विजयाताईंना स्वयंपाकघरात नेलं, समोर मटार ठेवले आणि म्हणाल्या, "सोलता सोलता सीन म्हणून दाखव." विजयाताईंनी अख्खा सीन म्हटला. माझी वाक्यंसुद्धा.

"म्हणजे पाठ आहे," मावशी म्हणाल्या. "मग तिकडे काय होतं गं?"

विजयाताईंनी एक शेंग उगाचच दोनदा दाबली. "समोर ते काळं भिंग असतं. त्याला काही सांगावंसंच वाटत नाही. स्टेजवर कसं, एका कानात श्रीधर असतो. वाक्य देवो न देवो, तो ऐकतोय हे कळतं ना. हा प्रसाद तर फोकस बघतो."

"अच्छा," मावशी म्हणाल्या. एवढंच. आणि लगेच पर्स उचलली.

श्रीधरकाकांच्या घरी आम्हाला त्यांच्या बायकोने, नंदाकाकूंनी दार उघडलं. काका आतूनच म्हणाले, "चारुताई, काढायला आलात ना? चहा घ्या आणि काढा. मला वाईट नाही वाटणार."

"त्यांना रविवारपासून जेवण जात नाहीये," नंदाकाकू म्हणाल्या.

"काढायला नाही, विचारायला आले," मावशी खुर्ची ओढत म्हणाल्या. "नाटकात तुम्ही कोणी अडलं तरच बोलता. त्या दिवशी एकूण एक वाक्य का बोललात?"

काकांनी चहा बशीत ओतला.

"सगळे त्या यंत्राकडे असे बघत होते, जसं काही ते चावणार आहे. मला वाटलं, आता पडले. आता पडले. तोंड बंदच होईना माझं."

"म्हणजे ते यंत्राला घाबरले आणि तुम्ही त्यांना बघून घाबरलात."

"तसंच काहीतरी. पण आता माझं काय काम तिथे? टीव्हीत प्रॉम्प्टर चालत नाही, हे अख्ख्या उज्जैनला कळलंय."

"प्रॉम्प्टर नाही चालत," मावशी म्हणाल्या. "शनिवारी या. बोलायचं मात्र नाही."

"चारुताई, आदत आहे माझी. आपोआप बोललं जातं."

"ते मी बघते."

शनिवारी मावशींनी देवास गेटहून पानं बांधून आणली होती. काका आले तसा एक भलामोठा विडा त्यांच्या हातात दिला. "हा तोंडात ठेवा. कट म्हणेपर्यंत थुंकायचं नाही."

मग मला सोफ्यावरून उठवलं आणि काकांची खुर्ची थेट कॅमेऱ्याशेजारी, भिंगाला खेटून मांडली.

"मावशी, सून उठवली तर सासू बोलणार कोणाशी?" प्रसादने विचारलं.

"यांच्याशी. आपण फक्त विजयाचा चेहरा घ्यायचा. नंतर सुनेचा, तेव्हाही हेच बसतील. मग तू दोन्ही जोड. आणि प्रसाद, जोडताना आवाज चालू ठेव, बाबा."

"दोन मिनटं नुसता चेहरा? लोक बोर होतील."

"होतात का बघू या की. मलाही माहीत नाही."

विजयाताईंनी काकांकडे बघितलं. गाल फुगलेले, हात मांडीवर, नजर अगदी त्यांच्यावर. आणि त्या बोलायला लागल्या. आवाज खाली आला होता. नाटकातला सूर गेला होता. आम्ही दाराशी उभे राहून ऐकत होतो, जयूने तर मिक्सर बंद करायला धावत जाऊन शेजारणीला सांगितलं. जयू आमची कपडेपटवाली.

मग ते मोठं वाक्य आलं. "चाबी तो बहाना है, मैं तो भरोसा ढूँढ रही हूँ." मावशींचं लाडकं. त्या वाक्यासाठी त्यांनी सगळा सीन रचला होता.

विजयाताई तिथेच अडल्या. या वेळी खरंच विसरल्या.

काकांच्या भुवया वर गेल्या. मानेच्या शिरा ताठ झाल्या. वाक्य त्यांच्या तोंडात होतं आणि विड्यामागे अडकलं होतं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. प्रसादने मावशींकडे बघितलं, कट म्हणू का? मावशींनी मान हलवली. नाही.

विजयाताई काकांच्या त्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "रहने दे. तू पहले खाना खा ले."

"कट," मावशी म्हणाल्या.

काका धावत मोरीकडे गेले. विजयाताई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "सॉरी गं चारू. तुझं ते भरोसावालं... परत घेऊ या ना."

मावशी कागदावरच्या त्या वाक्याकडे बघत होत्या. जरा दुखलं असावं. मग त्यांनी पेनने त्यावर रेघ मारली. "नको. सासूला माझ्यापेक्षा बरं सुचलं."

रविवारी केबलवर लावायच्या आधी कॅसेट शांतिलालजींना दाखवायची होती. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा व्हीसीआर. ते पोत्यावर बसून बघत होते. दोनदा कोणीतरी आवाज दिला तर "रुको भई" म्हणून उठलेच नाहीत. कुजबुज कुठेच नव्हती.

"बढ़िया," ते म्हणाले. "हटा दिया ना उसको?"

मला वाटलं, हो म्हणावं आणि सुटावं. मालिका बंद पडायची वाचली होती.

"नहीं," मावशी म्हणाल्या. "पूरे सीन में बैठा है."

"कहाँ? दिख तो नहीं रहा!"

"माँजी जिधर देख रही हैं, उधर."

शांतिलालजींनी कॅसेट मागे फिरवली. विजयाताईंचा चेहरा पुन्हा आला. ते पडद्याच्या कडेला वाकून बघायला लागले, जणू कडेपलीकडे खुर्ची दिसेल. "मैंने बोला था, हटाओ."

"बोला था. उसे हटाएँगे तो ये देखेंगी किसको?"

ते पुन्हा पोत्यावर टेकले. सीन संपला.

"फिर बहू ने खाना खाया?" त्यांनी विचारलं.

"वो तीसरे में है."

शांतिलालजींनी कॅसेट काढून मावशींच्या हातात दिली. "बैठने दो. पर चुप बैठे."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, हो म्हणाला असतात तर त्यांना कधी कळलं असतं का?"

"नसतं कळलं. पण मग दर रविवारी श्रीधरला लपवत बसावं लागलं असतं." रस्ता ओलांडता ओलांडता त्या थांबल्या. "आणि खरं सांगू? शांतिलालजी काय म्हणतात ते ऐकायचंही होतं मला."

टेम्पोतून नानाखेड्याला पोचलो तेव्हा बाकीचे आत गलका करत होते. श्रीधरकाका एकटेच बाहेर पायरीवर, चपला घालून बसलेले. बातमी वाईट असली तर आत जाऊन परत निघायला नको, अशा बेताने.

आम्हाला बघून ते उभे राहिले.

"चपला काढा," मावशी म्हणाल्या, "आणि आत चला. तिसऱ्यात सून जेवायला बसते. तेव्हा तुमची खुर्ची कुठे ठेवायची, ते तुम्हीच सांगा."