लाल गाडी आणि कानसेन

गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. त्याला स्वतःला मात्र ती पदवी वाटे. इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, ही त्याची पद्धत. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की तो हात वर करून थांबवी. गाडी बोलत असताना माणसानं मध्ये तोंड घालू नये, असं त्याचं म्हणणं. पाटीवर भला मोठा कान रंगवलेला आणि खाली लिहिलेलं : 'इथून गेलेली गाडी तीच तक्रार घेऊन परत येत नाही.' हे खोटं नव्हतं. काही गाड्या तीच तक्रार घेऊन दुसरीकडे जात.

त्याचा दुसरा नेम मॅटचा. गाडी आत आली की आधी पायाखालच्या मॅट काढून तो तारेवर टांगे. गिऱ्हाइकाच्या मॅटवर ग्रीसचा बूट पडला तर त्याला घास जात नसे. काम संपून गाडी फाटकाबाहेर उभी राहिली, की स्वतःच्या हातानं त्या परत अंथरी. जवळच्या माणसांना तर तो आपल्या छापाच्या मॅट भेटच देई. जाडजूड काळं रबर, मधोमध पांढरा कान.

अशा माणसाच्या मेहुण्यानं स्पोर्ट्स कार घेतली. बायकोचा हा धाकटा भाऊ पाण्याच्या टाक्या विके आणि अंगानं आपल्याच मालाची जाहिरात होता. गाडी लाल, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकलेली. तो आत बसताना उशीच्या अभ्र्यात कुणी गादी कोंबत असल्यासारखं वाटे. घरचीच गाडी म्हटल्यावर कानसेननं पहिल्याच दिवशी कान छापलेल्या मॅट घातल्या.

थोड्याच दिवसांत गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. क्लच दाबून बटण दाबलं की तिनं गुरगुरायचं, हा करार. कधी गुरगुरे, कधी ढिम्म. दिवे लागत, रेडिओ गाई, इंजिन तेवढं मौनात. पेट्रोल पंपावर हे झालं, मग व्याह्यांच्या दारात झालं. तिथं सगळे निरोप द्यायला बाहेर आले होते आणि शेवटी सगळ्यांना परत आत जाऊन चहा घ्यावा लागला.

टोचन लावून गाडी गॅरेजात आणावी, कानसेननं मॅट टांगाव्यात, बटण दाबावं, आणि गाडीनं शहाण्या मुलीसारखं एका दमात सुरू व्हावं. त्यानं कान लावला. निकाल निघाला बॅटरी. ती बदलली. पुन्हा टोचन, पुन्हा कान, निकाल स्टार्टर. तोही बदलला. मग वायरिंग उसवून शिवलं. दर खेपेला गाडी डौलात बाहेर पडे आणि पुढच्या थांब्यावर लाज काढे.

शेवटी घरच्या जेवणात कानसेननं अंतिम निकाल दिला. "गाडीत काही नाही. कोण बसणार आहे ते तिला कळतं, म्हणून घाबरते."

मेहुण्यानं हातातला घास ताटात ठेवला. सोमवारी गाडी कंपनीच्या वर्कशॉपात टाकतो, तिथं कान नाही, कॉम्प्युटर लावतात, एवढंच तो म्हणाला. कंपनीचं वर्कशॉप कानसेनच्या गॅरेजसमोरच होतं, रस्त्याच्या पलीकडे. म्हणजे सख्ख्या मेहुण्याची गाडी पाटीखालून ओढत समोर जाणार, तीही भर बाजारात.

"सोमवारी पाटीवर चादर टाकून ठेवा," बायको वाढता वाढता म्हणाली.

कानसेननं रविवार मागून घेतला. मेहुण्याच्या दारातून दोघं निघाले, पेट्रोल पंपावर थांबले आणि तिथं गाडी ढिम्म झाली. इतक्या दिवसांत कानसेनला ती पहिल्यांदाच अशी भेटत होती. त्यानं मेहुण्याला उतरवलं. आता बघ, म्हणून स्वतः बसला. क्लच दाबला, बटण दाबलं. शांतता. पंपावरची माणसं जवळ सरकली. घाम पुसायला त्यानं मान खाली घातली, तर पायाशी त्याचाच पांढरा कान दुमडून वर आलेला. मॅट पुढे सरकून क्लचच्या मागे गोळा झाली होती. पेडल तळाला टेकत नव्हतं, आणि ते टेकल्याशिवाय ही गाडी सुरू होत नाही, हे कानसेनला झोपेतही सांगता आलं असतं. त्यानं टाचेनं मॅट मागे ओढली, बटण दाबलं. गाडी गुरगुरली.

"काय केलंत, भाऊजी?"

"सैल वायर होती. बसवली."

मग मॅट काखेत मारून तो म्हणाला की ही जरा धुवायला नेतो. मेहुण्यानं ती धरून ठेवली. "राहू द्या हो. तुमची भेट आहे, मी कुणाला हात लावू देत नाही. रोज मीच पुसतो आणि पार वरपर्यंत ढकलून घट्ट बसवतो."

 कानसेननं छपाई बिघडल्याचं सांगत, बदलून देण्याचं कबूल करत मॅट हिसकावून घेतली.

सोमवार गेला, त्याच्यानंतरचेही गेले. गाडी एकदाही अडली नाही. मेहुणा गावभर भाऊजींच्या कानाचे गोडवे गाऊ लागला. पुन्हा जेवायला आला तेव्हा त्याचा बेत ठरलेला होता. प्रत्येक टाकीमागे गिऱ्हाइकाला भाऊजींच्या मॅटचा एक जोड भेट. "आणि माझी बदलून द्यायची राहिलीय की. तुम्ही ती काढून नेलीत त्या दिवसापासून गाडी कशी मस्त चालतेय."

बायकोचा वाढता हात थांबला. तिनं भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मॅट मी बंद केल्यात," कानसेन ताटात बघत म्हणाला. "पायांना त्रास होतो लोकांच्या."

"पायांना, की पाटीला?" बायकोनं विचारलं, आणि त्याला न विचारताच भात वाढला.

पाटी अजून तिथंच आहे, अक्षरही बदललेलं नाही. ती मॅट बायकोनं माळ्यावरून शोधून काढली आणि न्हाणीच्या दाराशी अंथरली, कान वर करून. कानसेन रोज तिच्यावर पाय पुसतो. मेहुणा आला की तोही पुसतो, आणि जाताना ती पायानं पार दारापर्यंत ढकलून घट्ट बसवतो. मग न्हाणीचं दार उघडत नाही.