उंदराचा जीन काय करून राह्यलाय?

दोष सरांचा. आमच्या गाईडसरांचा, बाकी कोणाचाच न्हाई. उंदीर पाळणाऱ्या लॅबमध्ये किस्से लेंड्यांसारखे साठतात. रोज झाडा, सकाळी नवे हजर!

काम सरळ होतं. उंदरात एक जीन असतो. अंगात विषारी धातू शिरला की त्या जीनमुळं एक प्रोटीन बनतं, ते धातूला धरून ठेवतं. आधी थोडं जस्त पाजलं की जीन जागा होतो. म्हणून अर्ध्या उंदरांना जस्ताचं पाणी, अर्ध्यांना साधं. नंतर सगळ्यांना कॅडमियम, म्हणजे तो विषारी धातू. जस्तवाले तगणार, साधे आजारी पडणार, असा हिशोब. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मी मंठ्याहून जालन्याला पीएचडीला आल्तो.

*

सरांची भूतदया! एकादशीला उंदरांसमोर साबुदाण्याची खिचडी.

"सर, यांचं खाणं मोजून द्यायचं असतं."

"अरे, त्यांनाही चेंज पाहिजे!"

मी खिचडी काढून घेतली. सर दिवसभर माझ्याशी बोलले न्हाईत. उंदरांशी बोलले.

*

घरी आण्णा, म्हणजे माझे वडील. पाहुण्यांसमोर म्हणाले, "आम्ही शेतात औषध टाकून उंदीर मारतो. हे येडं तिकडं जगवून राह्यलंय!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं कोण? पाहुण्यांतले बायोलॉजीचे रिटायर्ड मास्तर!

*

हसले न्हाईत ते फक्त मामा. एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये भट्टीवर असतात, धातूचा धूर रोज छातीत. खोकत खोकत म्हणाले, "भाचे, हा जीन माणसात असतो का?"

"असतो की, मामा."

"माझ्यात?"

"बिलकुल."

"मंग काय करून राह्यलाय तो?"

"तेच शोधून राह्यलो," मी म्हणालो.

आता मी तिथं न्हाई, तरी अजून गाडीवर लॅबसमोरून गेलो की खिडकीखाली थांबतो. उंदरांचा तो कुबट वास येतो का बघतो.

*

रिझल्ट आला. साधं पाणी पिणारेही ठणठणीत! कॅडमियम तपासलं, पाणी तपासलं, सगळं बराबर. मंग एका दुपारी पिंजऱ्यांसमोर नुसता बसून राह्यलो. एक उंदीर पिंजऱ्याची तार कुरतडत होता. तारेवर जस्ताचा मुलामा! प्लास्टिकच्या पेट्या सरांनी मोडीत काढल्या होत्या. हे पिंजरे त्यांच्या मेव्हण्यानं करून दिलेले.

"सर, हे सगळेच जस्त खातात. जीन सगळ्यांचाच जागा हाय. प्लास्टिकच्या पेट्या आणून प्रयोग परत करावा लागेल."

"मेव्हण्यानं प्रेमानं दिलेत. परत केले तर घरात काय तोंड दाखवू?"

"मंग जीनचं काय?"

"लिहून टाक, जस्तानं काही फरक पडत नाही."

"पण पडतो, सर!"

"तुला जास्त कळतं का मला?"

पेपर सरांनीच लिहिला. माझ्यापुढं सहीला ठेवला.

मी सही केली न्हाई. माझी पीएचडी गेली आणि सरांनी उंदीर दुसऱ्या विद्यार्थ्याला दिले.