वळणावरचा दुसरा कंदील

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही—आणि तिच्यापासून माझं दुसरं काही लपलेलं नव्हतं, चोरून ओढलेली बिडीसुद्धा. ती गेली. पोरं पुण्याला. संध्याकाळी दाराला कडी घालतो, ती सकाळी दूधवाला आला की काढतो. मधल्या वेळात भिंतींशी किती बोलणार? म्हणून तुम्हाला सांगतो. बसा जरा.

तर—आमच्या सहकारी साखर कारखान्याला धावपट्टी होती. हसू नका. बीड जिल्ह्यात त्या साली प्यायला पाणी नव्हतं, पण विमान उतरायला जागा होती! दुष्काळी कामावरच्या बायाबापड्यांनी खडी फोडून ती केलेली. दिवे-बिवे काही नाहीत. अंधार पडल्यावर विमान यायचं असलं—खरं तर येऊच नये, पण चेअरमनसाहेबांना सांगणार कोण?—तर दोन्ही कडांना कंदिलांची रांग लावायची.

उतरणं सोपं असतं, असं चेअरमनसाहेबांचा वैमानिक म्हणायचा. अवघड असतं ते उतरल्यावर पट्टी मोकळी करणं. दिव्यांच्या रांगेतून विमान सरळ धावतं, पण बाहेर वळायचं तोंड अंधारात सापडत नाही. वर धुरळा, आणि कडेला खोल चर. म्हणून आमची रीत ठरलेली. वळणाच्या तोंडाशी लाल काचेचे दोन कंदील, आणि तिथं एक माणूस उभा. दोन लालच्या मधून विमान बाहेर काढायचं. ते बाहेर येईस्तोवर मागून दुसरं उतरू द्यायचं नाही. काही अडलंच, तर रांगेतले कंदील विझवायचे, म्हणजे वरच्याला कळतं.

वळणावरचा तो माणूस मी. स्टोअरमधला कारकून. पट्टीच्या पार टोकाला सुदाम असायचा—आष्टीकडचा, बौद्धवाड्यातला, कारखान्यात हंगामी पहारेकरी. त्या वर्षी त्याला कायम करणार होते. कागद तयार होता, नुसती सही राहिलेली. मला म्हणायचा, "भाऊसाहेब, कायम झालो की बायकोला फडात पाय ठिऊ देनार न्हाई. लई झाली ऊसतोड." दिवसातून चारदा म्हणायचा. मी चिडवायचो त्याला, पेढे आधी, मग सही!

त्या दिवशी दोन विमानं यायची होती. पुढच्यात चेअरमन, मागच्यात दुष्काळ बघायला निघालेले मंत्री. उशीर झाला, दिवस बुडाला. कंदील लावून आम्ही आपापल्या जागी उभे. आणि—कसं सांगू—पट्टीमागच्या आमच्या कॉलनीत पाण्याचा टँकर आला. चार दिवसांनी आला होता. हॉर्न ऐकला आणि मी निघालो. घरी बायको होती की! एक हंडा ती भरणारच होती. मला दुसरा हवा होता. वाटेत काही दिसेना म्हणून दोन लालपैकी एक कंदील उचलून नेला. पाच मिनिटांत तर येतो, म्हटलं.

हंडा खांद्यावर घेतला आणि डोक्यावर घरघर सुरू झाली. पळालो. पोचेपर्यंत पुढचं विमान उतरलं होतं, आणि वळणावर एकच लाल दिवा. त्याच्या कुठल्या बाजूनं वळायचं, हे त्या वैमानिकानं कसं ओळखावं? तो चुकीच्या बाजूनं वळला. पुढचं चाक चरात, शेपूट पट्टीवर आडवं. आणि दुसरं विमान खाली यायला लागलेलं. त्याला कंदिलांच्या रांगा दिसत होत्या, मधे अडकलेलं विमान दिसत नव्हतं.

मी काय केलं? उभा राहिलो. हंडा खांद्यावर तसाच.

सुदाम टोकाकडून पळत आला. पळता पळता कंदील विझवत आला—तापलेल्या काचा उघड्या हातानं वर करून, वाती चिमटीत दाबून, काही तर लाथेनं उडवून. एका कडेची अख्खी रांग काळी झाली तेव्हा वरच्याला कळलं. विमान आमच्या डोक्यावरून वर गेलं आणि औरंगाबादला उतरलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सुदामचे तळहात तेवढे भाजले.

दुसऱ्या दिवशी गेस्ट हाऊसवर चौकशी. चेअरमन, आणि दोन संचालक—त्यातले एक माझे सख्खे चुलते. चेअरमननी विचारलं, वळणावर कोण होतं? मी म्हणालो, सुदाम.

तो तिथंच उभा होता, हातांना पट्ट्या बांधून. "म्या टोकाला व्हतो, साहेब," म्हणाला. एकदाच म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघत होतो. मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. का नाही विचारलं? मी काय मोठा सत्यवादी लागून गेलो होतो? माझे चुलते समोर होते आणि तो बौद्धवाड्यातला होता, एवढंच. आणि हे मला बोलायच्या आधीच ठाऊक होतं. भीतीनं तोंडातून निसटलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. कुणाचं नाव घेतलं तर खपेल, ते बघूनच घेतलं. त्याला त्याच दिवशी काढलं. त्याचा कायम होण्याचा कागद रद्द करायला मीच फाइलमधून काढून दिला.

पुढच्या हंगामात कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्या लागल्या होत्या. एका गाडीजवळून जाताना कुणीतरी हाक मारली. सुदामची बायको. डोक्यावर पाचट, ओठ फुटलेले. पदर सावरून पुढं आली आणि तिनं मला हात जोडले. "भाऊसाहेब, तुमी आमच्यासाठी सायबाशी लई भांडला म्हनं. ह्यांनी सांगितलं मला. तुमचे उपकार हायेत."

सुदाम दोन हातांच्या अंतरावर बैल सोडत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्यानं वर बघितलं नाही.

मी म्हणालो—हो, खूप सांगून बघितलं.