मामाजींच्या हाताला येणाऱ्या कोंबड्या

मी सासुरवाडीला पोचलो की माझे सासरे 'या' म्हणत, पाण्याचा लोटा पुढे करत आणि लगेच परसात जाऊन कोंबड्या मोजून येत. मोजताना त्यांचे ओठ हलत. मी सपरीवर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून ते पाहत असे. मला वाटे, यांना माझ्याजवळ बसायचे नाही, म्हणून काहीतरी काम काढतात. खरे असे होते की मी आलो म्हणजे त्यांतली एक कमी होणार होती, आणि ती कोणती हे त्यांना ठरवावे लागणार होते. हे मला सतरा वर्षांनी कळले. तेव्हा ते नव्हते.

त्यांचे नाव सुखदेव. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि सासूबाईंना मामीजी म्हणतात. सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यात तलावाच्या पाण्यावर पिकणारी त्यांची साडेतीन एकर धानाची शेती. माणूस बारीक, अबोल आणि कमालीचा नेटका. अंगणात धान वाळत घातले की त्याच्या चारही कडा दोरी धरून आखल्यासारख्या सरळ असत. कोंबडी अशा कडा एका मिनिटात विस्कटते, म्हणून कोंबडी त्यांना दारात नको होती.

कोंबड्या आल्या त्या माझ्यामुळे. आमचे लग्न झाले त्या वर्षी मामीजींनी बाजारातून टोपलीत सहा पिल्ले आणली. माझी बायको वंदना तेव्हा माहेरी होती. तिने ऐकलेले बोलणे ती अजून दोघांच्या आवाजात करून दाखवते.

"हे काहून आनलं?" मामाजी म्हणाले.

"जवाई आले त गावभर कोंबडी मांगत फिरू का?"

"माह्या सपरीवर एक जरी चढली, त मी घर सोडून जाईन."

"जा. जातानी फाटक लावून घेजा, नाही त बकऱ्या येतीन."

दुसऱ्या वर्षी मामीजी भावाकडच्या लग्नाला आठ दिवस गेल्या. एक कोंबडी अकरा अंड्यांवर बसली होती. तिच्यापुढे पाणी आणि कनकी, म्हणजे तांदळाच्या कण्या, ठेवायची, तिला हात लावायचा नाही, एवढेच मामाजींना सांगून ठेवले होते. मामीजी परत आल्या तेव्हा मामाजी सपरीवर बसले होते आणि त्यांच्या धोतराच्या सोग्यात नऊ पिल्ले होती.

"हे काय?" मामीजींनी विचारले.

"बाहेर गारठा आहे. मले काय त्याइचं?"

'मले काय त्याइचं?' हे पुढे त्यांचे नेहमीचे वाक्य झाले. कोंबडीच्या पायात अडकलेला दोरा सोडवताना ते हे म्हणत. खुराड्याच्या फळीला मुंगसासाठी दुसरी कडी ठोकतानाही म्हणत. सदऱ्याच्या खिशात त्यांनी तंबाखूशेजारी कनकी ठेवायला सुरुवात केली, आणि कधीकधी कनकी तोंडात जाऊन तंबाखू कोंबड्यांपुढे पडे. ते बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, निघाले की तीन-चार कोंबड्या बांधाच्या धुऱ्यावरून त्यांच्या मागे जात. गावातले लोक म्हणत, "सुखदेवभाऊ, वरात कुठं निघाली?" ते मागे न पाहता उत्तर देत, "रोजगाराले लावतो त्याइले. तुमच्या पोराइपेक्षा बरं काम करतात."

शेवटच्या काही वर्षांत करड्या ठिपक्यांची एक कोंबडी होती. तिला ते तलाठीण म्हणत. "सगळ्याइच्या दारी जाऊन पाहून येते, काम कोनाचंच करत नाही," असे त्यांचे म्हणणे. ते तंबाखू मळायला बसले की ती त्यांच्या मांडीवर चढे. ते तिला ढकलत, ती पुन्हा चढे, आणि तिसऱ्यांदा ते ढकलत नसत.

आता माझ्याबद्दल. मी पाटबंधाऱ्याच्या कामावर आहे. तलावांची पाणीपातळी मोजून लिहिणे हे माझे काम. त्या सवयीने मी घरच्या फेऱ्याही डायरीत लिहितो. लग्नानंतरच्या पहिल्या नऊ वर्षांत मी सासुरवाडीला एकतीस वेळा गेलो. त्यांपैकी चोवीस वेळा तिथे कोंबडी झाली. जावई आला म्हणजे कोंबडी, यात आमच्या भागात कोणी कोणाला विचारत नाही.

मी सकाळच्या बसने जाई. त्या वेळी कोंबड्या खुराड्याबाहेर असत. मामीजी पदर खोचून त्यांच्यामागे धावत, शेजारच्या बाया हसत, आणि कोंबडी काही हाती लागत नसे. मग मामीजी दमून म्हणत, "अजी, तुमीच या. तुमचंच ऐकतात त्या." मामाजी येत. उकिडवे बसत, खिशातून मूठ काढून उघडत. कोंबड्या स्वतःहून गोळा होत. त्यांतली एक ते उचलत, तोंड फिरवून मामीजींच्या हाती देत आणि खांद्यावर फावडे टाकत. "बांधीचं पानी पाहून येतो, जवाईबुवा." मग माझे जेवण होईपर्यंत त्यांचा पत्ता नसे. एकदा तर मे महिन्यात ते पाणी पाहायला गेले. त्या तलावाची पातळी मीच आठ दिवसांपूर्वी लिहिली होती. पाटात थेंब नव्हता.

मला ते लागले. सासरा जावयाबरोबर जेवायला बसत नाही, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. एकतीस फेऱ्यांत ते सात वेळा माझ्यासोबत जेवले. त्या सातही वेळा ते मनमोकळे बोलले. कोंबड्यांच्या गोष्टी सांगितल्या, मला बसथांब्यापर्यंत पोचवायला आले. हा माणूस लहरी आहे, असे मी ठरवून टाकले. ते सात दिवस कोणते, हे मी पाहिले नाही. डायरीत तारखा होत्या. वार काढून पाहण्याची मला गरज वाटली नाही. त्यांच्या घरी सोमवार आणि एकादशी पाळत. श्रावणात तर महिनाभर काही कापत नसत.

फोनवर ते वंदनाला विचारत, "जवाई श्रावनात येतीन का?" ती म्हणे, "श्रावनातच काहून, बाबा?" ते म्हणत, "असंच." श्रावणात आमच्याकडे धानाची रोवणी असते. मी वंदनाला म्हणालो, "तुझ्या बाबांना जावई नको आहे, रोवणीला माणूस पाहिजे." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी श्रावणात गेलो नाही आणि हळूहळू एरवीही कमी झालो. पुढची सहा वर्षे वर्षातून एकदा, तेही बायकोच्या आग्रहाने.

शेवटचा गेलो तो दिवाळीनंतरचा बुधवार होता. सिहोऱ्याला कामासाठी आलो होतो, म्हणून न कळवता घरी गेलो. त्या वर्षी मानमोडीची साथ येऊन खुराडे रिकामे झाले होते. दोनच कोंबड्या वाचल्या होत्या. एक अंड्यांवर बसलेली, आणि तलाठीण. मामाजी परसात गेले, पण या वेळी मोजायला काही नव्हते. आतले बोलणे मला सपरीवर ऐकू आले.

"आज भेंडी केली त?" मामाजी म्हणाले.

"जवाई आले न भेंडी? लोकं थुकतीन तोंडावर."

"बसलेली उठवता येत नाही."

"तिले कोन उठवते? दुसरी आहे ना."

थोड्या वेळाने मामाजी बाहेर आले. माझ्यासमोर उभे राहिले. सतरा वर्षांत त्यांनी मला काही मागितले असेल तर ते त्या दिवशी.

"जवाईबुवा, आज वार कोनता?"

"बुधवार."

"तुमचा काही उपास-बिपास?"

भेंडीचे बोलणे माझ्या कानात सलत होते. मी सरळ खरे ते सांगितले. "नाही मामाजी. मी कोणताच उपास करत नाही."

"बरं," ते म्हणाले.

तलाठीणला बोलवावे लागले नाही. ते खाली बसताच ती आली आणि मांडीवर चढली. त्यांनी तिला कनकी खाऊ दिली, मुठीतली सगळी. मग उठले, तिला मामीजींकडे दिले आणि फावडे न घेताच निघून गेले. मी जेवलो. मांस जून होते, शिजायला वेळ लागला. तरी मी दोनदा वाढून घेतले. मला त्या घराला दाखवायचे होते की मी मानाचा जावई आहे.

चारच्या बसला निघालो तेव्हा ते रस्त्याकाठच्या कापलेल्या बांधीत एकटे उभे होते. त्यांनी हात वर केला. मी केला नाही.

त्यानंतर दोन वर्षे मी गेलो नाही. वंदना एकटी जाई. यंदा आषाढात मामाजी दोन दिवसांच्या तापाने गेले. तेरवीनंतर दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले, तेव्हा मामीजींनी मला हे सारे सांगितले. रडून नाही, साधेपणाने.

"त्याइचा तुमच्यावर राग नव्हता, बापू. तुमी गेले का म्हनत, पोरगा चांगला आहे, पन आला का एक जाते."

"मला सांगितलं का नाही?"

"जवायाले कसं सांगाव? त्याइनं मलेही सोगन घातली होती." मग परसाकडे पाहत म्हणाल्या, "तुमी येनं सोडलं, मंग त्या वाढल्या. चवदा झाल्या. गेल्या महिन्यात म्हने, आता जवाईले बोलवू का? मी म्हनलं, बोलवा ना. त म्हने, श्रावन लागू दे."

श्रावण लागायला अकरा दिवस होते.

बोलता बोलता मामीजी सवयीने उठल्या. सुतक फिटले होते, जावई घरी होता. त्यांनी पदर खोचला आणि कोंबड्यांमागे गेल्या. चौदाही कोंबड्या चौदा दिशांना पळाल्या. आता त्यांना हाताशी बोलावणारे कोणी नव्हते. मी उठून परसाच्या दारात गेलो.

"मामीजी, राहू द्या," मी म्हणालो. "वरणभात करा."

त्या थांबल्या. धाप लागली होती. 

"खाता तुमी वरनभात?"

"खातो."

"मंग पहिलेच सांगाचं ना," त्या म्हणाल्या आणि पदर सोडून घरात गेल्या.

वरणभात अर्ध्या तासात झाला. मामीजींनी माझे पान वाढले, आणि समोर आणखी एक पाट मांडला. मग तो उचलून भिंतीशी उभा केला.