वीत्स्केचा बारावा धडा

लेउवार्डनच्या आमच्या गल्लीत कॉफीबरोबर एकच बिस्कीट मिळतं आणि डब्याचं झाकण लगेच बंद होतं. ते सगळ्यांच्याच घरी. पण शेजारची वीत्स्के शब्दांनाही झाकण लावणारी. तीस वर्षं तिने फर्निचरच्या एका कारखान्यासाठी जोडणीची पत्रकं काढली. फळी, बाण, स्क्रू. अक्षर एकही नाही. नवराही बहुधा असाच बाण दाखवून घराबाहेर काढला असावा, असं मी म्हणायचो. तिच्या तोंडावरच म्हणायचो, आणि ती हसायची.

निवृत्त झाल्यावर ती गावातल्या एका संस्थेत जाऊ लागली. जगभर माणसांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्यांना कामाला येतील असे धडे ही संस्था इंटरनेटवर फुकट ठेवते. साक्ष कशी टिपून घ्यायची, फोटो पाठवण्याआधी त्यातलं काय पुसायचं, मार खाल्लेल्या माणसाच्या जखमांची नोंद कशी करायची. वीत्स्के ते चित्रांत बसवायची आणि प्रत्येक नवा धडा आधी माझ्यावर करून बघायची.

"मीच का गं?"

"डाउवे, तुला कळलं की जगात कुणालाही कळेल."

दोन वर्षं मी याला कौतुक समजत होतो.

चौथ्या धड्याला तिने स्वतःच्या दंडावर लाल पेनाने जखम काढली आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढायला सांगितलं. मोजपट्टी राहिली टेबलावर, फोटोत आला माझा अंगठा. तिने तोच धड्यात घातला, वर फुली मारून. वाकड्या नखासकट. म्हणजे माझी चूक जगभर शिकवली जाते. ही बढाई मी कुठे मारली नाही ते विचारा.

गेल्या मार्चमध्ये एका दूरदेशीच्या परिचारिकेने तिला आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप पाठवला. चौथा धडा छापून बाईने दवाखान्यात ठेवला होता. पोलिसांनी मारलेल्या एकोणीस जणांच्या जखमा तिने तशाच टिपल्या, आणि न्यायाधीशाने त्या नोंदी दाखल करून घेतल्या. आनंदाच्या भरात तिने आपलं नाव, गाव, दवाखाना, सगळं सांगून टाकलं होतं.

"तुझा अंगठा कामी आला रे," वीत्स्के म्हणाली आणि चक्क दुसरं बिस्कीट पुढे केलं. मग माझ्यासमोरच निरोप पुसला. "ऐकलंस ना? आता विसर. हे नाव बाहेर गेलं तर बाईची धडगत नाही."

मे महिन्यात वीत्स्केचा वाढदिवस. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडलेल्या, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलेलं. माझ्या शेजारी संस्थेची प्रमुख मार्लाइन.

"देणगीदारांना आकडे नकोत, माणूस हवा," ती कुरकुरली. "हिला विचारलं तर म्हणते, नाव मिळणार नाही. आता कुणाची गोष्ट सांगू मी?"

"माणूस? अगं, माणूस आहे की! माझ्या अंगठ्यापासूनच सुरुवात आहे."

वीत्स्के स्वयंपाकघरात कॉफी ओतत होती. ती बाहेर येईपर्यंत नाव, गाव, दवाखाना, सगळं सांगून झालं होतं. मार्लाइनने केकची बशी मांडीवर ठेवून लिहूनही घेतलं.

मंगळवारी सकाळी ते संस्थेच्या पानावर झळकलं. वीत्स्केने फोन केला, संध्याकाळी ते काढलं. एक दिवस पुरला. पुढच्या आठवड्यात दवाखान्याला सील लागल्याची आणि परिचारिकेला चौकशीसाठी नेल्याची बातमी आली. तेव्हापासून तिचा फोन बंद आहे. मार्लाइनने पत्र लिहून खेद कळवला. त्या मंगळवारी पान सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलं, हेही त्यातच कळवलं.

वीत्स्के माझ्या दारात आली. मी आत बोलावलं, ती आली नाही.

"तू मार्लाइनच्या शेजारी बसला होतास."

"अगं, मी त्या बाईबद्दल चांगलंच बोललो."

"हो. चांगलंच बोललास."

एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

आता ती धडे पोस्टमनवर करून बघते. मी खिडकीतून पाहतो. तो मोजपट्टी विसरत नाही.

गेल्या महिन्यात बारावा धडा आला. मी इंटरनेटवर उघडला. गोल मांडलेल्या खुर्च्या. हातात बशी धरलेला, तोंड उघडं टाकलेला एक पुरुष. शेजारी कान पुढे करून बसलेली बाई. मग सील लावलेलं दार. पुरुषाच्या तोंडावर मोठी फुली. तेवीस देशांत पोचलाय म्हणे. समजायला कुणालाच अडचण नाही, मलाही नाही.

त्या पुरुषाला चेहरा नाही, नुसती बाह्यरेषा आहे. बशीवरचा अंगठा मात्र तिने मन लावून काढलाय, वाकड्या नखासकट. नाव कुठेही दिलेलं नाही. माझ्यासाठीसुद्धा तिने आपला नियम मोडला नाही.