मागच्या दरवाजाचा दांडा

आमच्या गाडीचा मागचा दरवाजा वर उघडतो. बिजागऱ्या छपरापाशी, कडी खाली. गाडी नवी होती तेव्हा खालून जरा उचलला की अर्ध्यातून आपला आपण वर जायचा आणि तिथेच थांबायचा. दोन्ही अंगांना दोन नळ्या असतात, आत गॅस कोंडलेला, सगळी करामत त्यांची. पेणच्या दुकानात त्यांना डिकीचे शॉकर म्हणतात. आमचे शॉकर नेमके कधी गेले ते सांगता येणार नाही. आधी थंडीतल्या सकाळी दरवाजा हळूच खाली यायला लागला, मग भर दुपारीही, आणि शेवटी हात सोडला की धाडकन.

मी त्याला दांडा लावला. धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात बापाबरोबर राबायचो, तेव्हाच्या माझ्या फावड्याचा दांडा. खाऱ्या पाण्याने आणि हातांनी घासून तो काचेसारखा झालेला. माझ्या हाताच्या बेताने कापला, टोकाला टायरचा तुकडा ठोकला. एका हाताने दरवाजा तोलायचा, दुसऱ्याने दांडा रोवायचा, आणि रोवताना किंचित आत कलता ठेवायचा. सरळ ठेवला तर निसटतो. ते कलतं ठेवणं घरात मला एकट्यालाच जमायचं.

गाडी लागते ती पापडांसाठी. माझी बायको आणि सून घरी पोह्याचे पापड लाटतात, आणि दर आठवड्याला रोह्याच्या बाजारात सून ते विकते. मुलगा कंपनीत शिफ्टला, तो कधी सकाळी घरी तर कधी रात्री. तेव्हा गाडी हाकायची मी, विकायचं तिने. मध्ये तिने लायसन काढलं. गाडी चांगली चालवते. खड्ड्यात चाक घालतानासुद्धा मागचा एक पापड मोडत नाही. मी हे तिला कधी बोललो नाही, पण तिच्या शेजारी बसलो की मला डुलकी लागते, आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीत मला डुलकी लागत नाही.

मात्र सून उंचीने कमी. टाचा उचलून दोन्ही हातांनी दरवाजा वर रेटायची, तेव्हा दांडा लावायला तिसरा हात कुठून आणणार? त्यामुळे गाडी कुणीही चालवो, रोह्याला मी लागायचोच. खरं सांगतो, मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

मग माझा उजवा खांदा धरला. पडलो नाही, झडलो नाही, एका सकाळी हात वर जाईना एवढंच. पेणच्या डॉक्टरने सांगितलं, बरा होईल, पण सावकाश; तोवर हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. गाडीचा हादराही सोसेना. बाजार हुकला. पुढचाही हुकला. आणि मग रोह्याहून सुनेच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईचा फोन आला, तुझ्या जागेवर कुणी दुसरीच पापडवाली बसली होती म्हणून.

आठवडी बाजारात जागा कुणाच्या नावावर नसते. नेहमी बसणाऱ्याची लाज म्हणून लोक ती सोडतात. एक बाजार सोडतील, दोन सोडतील, तिसऱ्याला जो बसेल त्याची. सुनेने ती जागा कशी धरली होती ते मी पाहिलं होतं. सुरुवातीला तिला पार टोकाला, मासळीच्या पाण्यात बसवायचे. तिथून सरकत सरकत ती झाडाच्या सावलीपर्यंत आली होती. आता या बाजाराला गेलो नाही तर ती सावली गेली, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

त्या संध्याकाळी पापडाचं पीठ कुटता कुटता सून म्हणाली, "मामा, नवे शॉकर घालू. मग मी एकटी जाईन."

बोलली ते बरोबरच. पण त्यातला एकटी हा शब्द मला टोचला. मी म्हटलं, नवे कशाला, आहेत तेच भरून आणतो. लोखंडाची वस्तू अशी टाकून द्यायची नसते. मुलगा कामावरून आला, त्याने स्क्रूड्रायव्हरने दोन्ही नळ्या सोडवून दिल्या. त्या पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी मी पेणला गेलो.

आधी ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे. माझ्या फावड्यांपासून गेटपर्यंत सगळं त्याच्याच बापाने जोडलेलं. त्याला म्हटलं, एक भोक पाड, गॅस भर, भोक बुजव. त्याने नळी हातात घेतली आणि माझ्या पिशवीत परत ठेवली. म्हणाला, काका, यात दाब असतो, याला आग दाखवली तर तुम्हीपण नाय आणि मीपण नाय. मी त्याला भित्रा म्हणालो. तो हसला आणि चहा मागवला. चहा प्यायलो, पण राग धरूनच प्यायलो.

मग पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार तरणा, तोंडात सुपारी. त्याने नळीतली चकचकीत बारीक दांडी बोटाने चाचपली, बोट नाकाशी नेलं.

"याला तेल कोण लावतं?"

"मी. करंजाचं. दर बाजाराच्या आदल्या दिवशी."

हे मी छाती काढून सांगितलं. मिठागरात लोखंडाला तेल लावल्याशिवाय कुणी घरी जात नसे. खारं वारं रात्रीत लोखंड खातं. फावडं असो, कोयता असो, फडक्याने करंजाचं तेल पुसायचं आणि मग टांगायचं. माझ्या बापाने मला अक्षर शिकवलं नाही, पण हे शिकवलं.

दुकानदाराने ती दांडी माझ्या नखावरून ओढली. खरखर लागली. त्याचं म्हणणं असं, की या दांडीला तेल चालत नाही. तेलावर धूळ बसते, तुमच्याकडे तर धुळीत मीठ, तीच कच दांडीबरोबर आतबाहेर करते, आतलं रबर कातरते आणि गॅस निघून जातो. ही कोरडी पुसायची, बस. आणि एक बदलून भागणार नाही, दोन्ही बदला, नाहीतर दरवाजा वाकडा ओढला जाईल.

मी म्हटलं, माझ्या बिजागऱ्या येऊन बघ, तेलामुळेच अजून नव्यासारख्या आहेत. तो म्हणाला, बिजागऱ्यांना लावाच काका, त्यांना पाहिजेच. मी पैसे मोजले. जोडी घेतली. निघताना त्याने दोनदा बजावलं, जाड नळी वर दरवाजाला, बारीक दांडी खाली गाडीच्या अंगाला.

बाजार उद्यावर आलेला. मुलगा दुपारच्या शिफ्टला गेलेला. मी म्हटलं, आपणच बसवू. सुनेने दरवाजा रेटला, मी डाव्या हाताने दांडा रोवला, मग तिने स्क्रूड्रायव्हर घेऊन खालची टोकं गाडीच्या अंगावरच्या लोखंडी गोळ्यांवर टपकन बसवली. आणि वरची टोकं बसेनात. शॉकर वरच्या गोळीच्याही पलीकडे जात होता. नवा शॉकर पुरता ताणलेला असतो, हाताने तसूभर दबत नाही. दरवाजा पुरता वर गेला तरच दोन्ही जुळणार, आणि माझा दांडा तर माझ्या हाताच्या बेताने कापलेला, दरवाजा पुरता वर कधी गेलाच नव्हता त्याने. इतकी वर्षं आम्ही सगळे त्या दरवाजाखाली मान वाकवून वावरलो आणि नवेपणी तो याहून वर जायचा हे विसरूनच गेलो.

मी म्हटलं, याहून लांब बांबू तोडतो. सून म्हणाली, बांबू घसरेल, आणि तुमचा हात वर जाणार नाय. मी म्हटलं, जाईल. हात उचलला, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने दांडा काढला आणि दरवाजा खाली घेतला. ते मला झोंबलं.

बायको ओट्यावर पापड उलटत बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं. उठली, पदर खोचून लुगड्याच्या जुन्या तुकड्याची चुंबळ वळली, आणि म्हणाली, "गाडी मागं घे गो. ओट्याला लाव."

सुनेने गाडी ओट्याला भिडवली. बायको ओट्याच्या काठावर उभी राहिली, डोक्यावर चुंबळ. मी म्हटलं, हा काय खेळ मांडलाय, या वयात.

"अवो, मिठाच्या टोपल्या वाहिल्यात या डोक्यानं. यो दरवाजा काय त्याहून भारी हाय? तुमी फक्त नळी धरा. बारकी बाजू कंची खाली ती बघा."

सुनेने दरवाजा वर रेटला, बायको चुंबळीसकट त्याच्याखाली शिरली आणि हळूहळू ताठ झाली. मिठागरात बायका अशाच ताठ व्हायच्या, मान न हलवता, कमरेतून. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असंच, बांधावरून टोपली घेऊन येताना. दरवाजा वर गेला, आणखी वर गेला. मी डाव्या हाताने नळी धरली, सुनेने वरचं टोक गोळीवर दाबलं. टप. दुसऱ्या अंगाला गेलो. टप.

"आता सोडू का?" बायकोने विचारलं.

सुनेने दोन्ही हात दरवाजाखाली धरले. बायको गुडघ्यातून वाकून बाजूला झाली. दरवाजा वरच. सुनेने खाली ओढून लावला, कडी उघडली, एका हाताने उचलला. अर्ध्यातून तो तिच्या हातातून सुटला आणि आपला आपण वर गेला, बारीक सुस्कारा टाकल्यासारखा. तिने पुन्हा लावला, पुन्हा उघडला. मी सवयीने खिशातलं तेलाचं फडकं काढलं आणि त्या कोऱ्या दांडीकडे हात गेला.

"मामा," ती म्हणाली.

एवढंच. मी फडकं फिरवलं ते बिजागऱ्यांवर. डाव्या हाताला तेवढ्या उंचीचं जमत होतं.

सकाळी ती निघाली. चला म्हणाली, मी नाही म्हणालो. जिथे माझी गरज नाही तिथे बसून जायला मी काही पापडाची पिशवी नाही, असं मनात होतं. दांडा गाडीत ठेवू का, म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, कशाला, आणि तो भिंतीला उभा केला. मग ओट्यावर बसून राहिलो. बायको म्हणाली, फोन मांडीवर ठेवून बसलात ते काय अंडी उबवताय? मी फोन बाजूला ठेवला. थोड्या वेळाने परत घेतला.

वाजला तेव्हा मागून बाजाराचा गलका येत होता.

"उघडला का गो?"

"उघडला. वरच हाय. त्याच्या सावलीत बसलीय मी."

झाडाखालच्या जागेवर ती दुसरी बाई आधीच येऊन बसली होती. सुनेने भांडण केलं नाही. गाडी तिच्या शेजारी मागे लावली, दरवाजा वर केला, आणि दरवाजाखाली तिची स्वतःची सावली तयार झाली, झाडापेक्षा जरा पुढे, रस्त्याकडे. गिऱ्हाईक आधी तिच्याकडेच येऊ लागलं. दुपारी त्या दुसऱ्या बाईनेच सांगितलं म्हणे, पुढच्या वेळी तू झाडाखाली बस, मला या दरवाजाखाली घे.

संध्याकाळी गाडी आली ती रिकामी. सुनेने ओट्यापाशी दरवाजा एका बोटाने उघडून दाखवला, मग रिकाम्या पिशव्या झटकत म्हणाली की कोलाडच्या एका खाणावळीवाल्याने पापड मागितलेत, परवा द्यायचेत.

"पण मामा, मला तिकडची वाट ठाऊक नाय. तुम्ही बसाल का बाजूला?"

कोलाडची वाट न ठाऊक असायला काय झालं? हायवेवरच तर आहे. बायको तोंड फिरवून पापड मोजायला लागली. मी परवा सकाळी किती वाजता निघायचं, तेवढं विचारलं.